कडबी चौक ते सीताबर्डी

मनोहररावांचं कन्हानला किराणा दुकान होतं. त्यांची मुलगी अश्लेषा दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. लहानपणी ट्रॅक्टरखाली सापडून तिचा डावा पाय आखूड राहिला होता. पाय पाहून तीन स्थळं परत गेली. चौथ्या वेळी मनोहररावांनी मुलाकडच्यांना घरी बोलावलंच नाही. नागपूरला मेट्रोत भेटू म्हणाले.

बेत साधा होता. ऑटोमोटिव्ह चौकात, गाडी सुटते तिथंच, अश्लेषानं बाबांसोबत बसून घ्यायचं. मुलगा आणि त्याची आई कडबी चौकाला चढतील, सीताबर्डीला उतरतील. आपल्याला पुढं अजनीला नातेवाइकांकडे जायचंय, असं सांगायचं.

"फक्त उठू नोको," मनोहरराव म्हणाले. आधी सांगून टाका म्हणून तिनं विनवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, आणि तीही बसली.

मुलगा, गौरांग, बँकेत होता, बोलायला मोकळा. शिकवण्यांबद्दल त्यानं मनापासून विचारलं, तिनं सांगितलेल्या पोरांच्या गमतींवर हसला. कस्तुरचंद पार्क, झिरो माइल कधी मागे पडलं तिला कळलं नाही. सीताबर्डी येताना त्याच्या आईनं तिच्या हातात पेढ्यांचा डबा ठेवला. रविवारी घरी या म्हणाली.

दार उघडलं, ते दोघं उतरले. अश्लेषा उठली आणि लंगडत त्यांच्या मागोमाग फलाटावर गेली. मनोहररावांना धावत उतरावं लागलं.

गौरांग थोडा वेळ तिच्या पायाकडे पाहत राहिला.

"पायाचं काही नाही," तो म्हणाला. "पण कडबी चौकापासून तुम्ही मले फसवून राहिले होते."

त्याच्या आईनं डबा परत घेतला.

परतीच्या गाडीची वाट पाहत बापलेक बाकावर बसले.

"दोन मिनिटं बसून राहिली असती, तर काय बिघडलं असतं?"

"मंग, बाबा, लग्नात मले कुठं बसवलं असतं?"

घरी पोचल्यावर मनोहररावांनी मध्यस्थाला फोन केला आणि मुलीलाच मुलगा पसंत नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या खोलीत अश्लेषानं ते ऐकलं. महिन्याभरात कन्हानमध्ये तिच्याबद्दल बायका बोलू लागल्या, लंगडी असून नखरे पाहा हिचे.