दोर तुझ्या हाती

सत्यवान मास्तर भिंगारला छावणीच्या दफ्तरात कारकून होते. पण चर्चमधलं गाणं त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांनी मान हलवल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही अशी शिस्त. कडूबाईचा आवाज खडा, नेहमी एक ओळ पुढं पळणारा. तिला त्यांनी पार मागच्या चटईवर बसवलं होतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि संपलीही, पण शांतवनचं पत्र काही आलं नाही. मास्तरांचा एकुलता एक मुलगा, पलटणीत ड्रायव्हर. मास्तरांनी हातपाय गाळले नाहीत. अर्ज टाईप केले, तारा केल्या, साहेबांच्या बंगल्यांवर खेटे घातले. घरात बायकोला, रोझीबाईंना, रडायची मनाई. चर्चच्या पाळकांनी विचारलं, "प्रार्थनेत नाव घेऊ का त्याचं?"

"नको. माझे प्रयत्न चाललेत."

नाताळानंतरच्या रविवारी उपासनेत त्यांनी पेटीवर स्वतःच रचलेलं भजन धरलं:

'दोर तुझ्या हाती, देवा, मी सोडिली मूठ.'

वीस वर्षं ते हे गात होते. आज मात्र 'मी' म्हटलं आणि पुढचा शब्द निघेना. सोडली कुठं? नव्या अर्जाची नक्कल खिशात होती, दुपारी कुणाला गाठायचं तेही ठरलेलं. भात्यावरचा हात थांबला. पेटी मुकी झाली. मंडळी त्यांच्या मानेकडे बघत राहिली.

तेवढ्यात मागून कडूबाईनं ओळ उचलली. सूर चढाच, पण ठाम. मग टाळ वाजू लागले, बायांनी सूर धरला, पुरुषांनीही. मास्तरांना वाटलं, थांबवावं सगळ्यांना, नीट पट्टी द्यावी. पण त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ऐकत राहिले. गाणं त्यांच्याशिवाय चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं. शेवटच्या कडव्याला तेही मंडळींच्या मागोमाग गाऊ लागले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

भजन संपल्यावर ते उभे राहिले. "पाळकसाहेब, शांतवनचं नाव घ्या. माझ्या हातात काही नाही."

बाहेर कडूबाई अंग चोरून उभी होती. "मास्तर, मी मधीच उचाललं. चुकलं आसंल."

"नाही, कडूबाई. तुम्ही होता म्हणून झालं."

त्या दुपारी ते कुणाकडे गेले नाहीत. रोझीबाईंच्या शेजारी बसले. दोघं रडली, मग जेवली, आणि कित्येक दिवसांनी मास्तरांना गाढ झोप लागली.

जानेवारीत पत्र आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात. शांतवन लष्करी इस्पितळात होता. उजवा हात कोपरापासून गेला होता. मार्चमध्ये तो घरी आला. पहिल्या सकाळी ओट्यावर मास्तर त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होते, तेव्हा त्यानं विचारलं, "बाबा, आता पुढं काय करायचं?"

"मला ठाऊक नाही, बाळा," मास्तर म्हणाले. पोरासमोर असं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते, आणि बोलताना त्यांना भीती वाटली नाही. "चल, आई चहाला हाक मारतेय."