अकरा दिवसांचं सेशन

सकाळी साडेनऊला चहाचा पहिला घोट घेतला आणि मोबाईल टेबलावर नाचायला लागला. ग्रुपवर सगळे एकदम. "दीदी, अटक गया." "सुषमाताई, माउस हलत नाही." "बेन, स्क्रीन काळी पडली." चेतनने तर रडक्या तोंडाची सात चित्रं पाठवली. अरे, मी काय सर्व्हरची आई आहे का, की तो रडला की मला बोलवायचं? चहा तसाच ठेवला. मागच्या सहा वर्षांत गरम चहा मी फक्त रविवारी प्यायले आहे.

आमचं काम साड्यांवरची नक्षी काढायचं. किरीटभाईंचा स्टुडिओ आहे बमरोली रोडला. म्हणायला स्टुडिओ, आता उरलीय एक खोली, एक काचेची केबिन आणि गळका एसी. लॉकडाऊनमध्ये किरीटभाईंच्या लक्षात आलं की नक्षी काढणारे बारा जण घरी बसूनही नक्षी काढू शकतात, आणि तेव्हापासून कुणी परत आलं नाही. कुणी डिंडोलीत बसतं, कुणी बमरोलीत, एकजण चलथाणला. घरचा जुनापाना कॉम्प्युटर चालू करायचा, त्यावरच्या एका चित्रावर दोनदा टिचकी मारायची, नाव-पासवर्ड टाकायचा, की समोर सर्व्हर उघडतो. काम सगळं त्याच्यात. फायली त्याच्यात, रंग त्याच्यात, नक्षीचं सॉफ्टवेअर त्याच्यात. तो सर्व्हर आहे कुठे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. क्लाउडमध्ये आहे म्हणतात. चेतनची आजी एकदा मला विचारत होती, पावसाळ्यात भिजत नाही का ग तो?

आणि ऑफिसात मी. बारा जणांची नावं, बारा जणांचे पासवर्ड आणि बारा जणांची रड माझ्याकडे. खरं तर मी इथे फोन उचलायला लागले होते. एकदा प्रिंटर चालू करून दाखवला, तो माझा गुन्हा. तेव्हापासून वायर असलेली प्रत्येक गोष्ट माझी.

मी माझ्या स्क्रीनवर आत शिरले. आत शिरायलाच दहा मिनिटं लागली, इतका तो सर्व्हर चोंदला होता. मी यादी उघडली. अकरा नावांपुढे 'चालू'. बाराव्यापुढे 'कनेक्शन तुटलेलं', आणि शेजारी वेळ: अकरा दिवसांपूर्वी सुरू. सर्व्हरची निम्म्याहून जास्त मेमरी त्या एकाच नावाने अडवून धरली होती.

हिलालकाका. दुसरं कोण असणार!

हिलालकाका अमळनेरकडचे. बमरोलीत चोवीस वर्षं माग चालवला, मागाने कान नेले. मग मागाला लावायचे नक्षीचे पुठ्ठे पंच करायला लागले, आणि पन्नाशी उलटल्यावर, नातवंडं खेळवायच्या वयात, कॉम्प्युटर शिकले. हात असा, की किरीटभाई दुसऱ्यांना त्यांचं काम दाखवून शिव्या घालायचे. पण एक खोड गेली नाही. मागावर पाळी बदलली तरी माग थांबवत नाहीत. जाणारा बाजूला होतो, येणारा चालत्या मागावर उभा राहतो. थांबवून पुन्हा चालू केला की कापडावर आडवी रेघ पडते, माल खराब. हे काकांच्या हाडात मुरलेलं. म्हणून काम संपलं की ते साइन आउट करत नाहीत, काही बंद करत नाहीत, नुसती वरच्या फुलीवर टिचकी मारून खिडकी मिटतात. खिडकी मिटली तरी आत सर्व्हरवर त्यांचं सगळं उघडंच राहतं. दुसऱ्या दिवशी ते येतात तर ब्रश ठेवला तिथेच ब्रश. मागावर कापड असतं तसं.

सेव्ह तर ते कधी करतच नाहीत. नक्षी पूर्ण झाली की मीच त्यांच्या नावाने आत जाते, सेव्ह करते, पाठवते आणि त्यांचं ते उघडं सेशन बंद करते. आमचं सॉफ्टवेअर जुनं, ते स्वतःहून काही जपून ठेवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू शिकवलं का नाहीस? खोटं कशाला बोलू? सुरुवातीला ते रोज फोन करायचे, रोज विचारायचे, बंद केल्यावर जाणार तर नाही ना? आणि मी ओरडून ओरडून सांगायची, कारण त्यांना ऐकू येत नाही. एक दिवस नाकी नऊ आले. म्हटलं, "काका, नाही जात! जागेवर राहतं!" त्यांना ते पटलं. त्यांच्या अनुभवात बसलं. माझीही रोजची एक कटकट संपली. मी थकले होते, बस्स. माझ्या हातून बहुतेक चुका थकून झाल्या आहेत.

किरीटभाई केबिनमधून बाहेर आले. "सुषमाबेन, आ शुं चाले छे? बे वागे मिलमां फाईल जवी जोईए." दोन वाजता पाच डिझाईन छपाईला जायची होती, आणि पाचही अडकलेली.

"हिलालकाकांचं सेशन आहे. अकरा दिवसांचं. ते बंद केलं की बाकीचे सुटतील."

"तो करो ने बंद!"

"त्यांचं काम आहे आत. सेव्ह नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्ची ओढून बसले आणि हिंदीवर आले. खाजगी बोलायचं असलं की ते हिंदीवर येतात. "देखो बेन. पिछले दो काम हिलालभाई के मिल से वापस आए. आँखें गई उनकी. ये वाला मैंने आखिरी दिया है. अच्छा हुआ तो ठीक. नहीं तो उनकी आयडी किसी नए को दे दो. मुझे भी अच्छा नहीं लगता. पहले वो काम सेव्ह करो, फिर बंद करो."

हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. म्हणूनच तर मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं टाळून त्यांनी आत्ता करायला घेतलं होतं. आणि ते नेमकं आज सकाळी होतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

तरी हात लावण्याआधी काकांना विचारावं म्हणून फोन लावला. त्यांच्या बायकोने, मालतीकाकूंनी उचलला. "आत्तेच आत लई ग्यात त्यास्ले, बेटा. मना जीव धडधडस. तू फोन ठेव, मी नंतर करस." आणि ठेवून दिला. त्या माउलीला मी काय सांगणार, काकू, जीव इथेही धडधडतोय?

मग मी ग्रुपवर टाकलं: ज्याचं जे आहे ते सेव्ह करा आणि बाहेर पडा, सगळे, आत्ता. चेतनचं सेव्ह व्हायला वीस मिनिटं लागली, तेवढ्यात त्याने मला सोळा वेळा विचारलं झालं का. अकराही जण बाहेर पडले तेव्हा सर्व्हरने जरा श्वास घेतला. मी वही उघडली, हिलालकाकांचा पासवर्ड टाकला आणि त्यांच्या नावाने आत गेले. सेव्ह करायचं, बाहेर पडायचं, सेशन बंद करायचं. दोन मिनिटांचं काम.

नक्षी समोर आली. पदर होता. मिलने क्रीम रंगाच्या जमिनीवर कापसाची बोंडं मागितली होती, हिरव्या पानांत.

वरचा डावा कोपरा बघितला आणि मी बघतच राहिले. एक बोंड उकलत होतं. चार पाकळ्यांतून कापूस असा फुटून आलेला की बोट लावावंसं वाटावं. शेतात उभं राहून बघितल्याशिवाय असं काढता येत नाही. ते बहुधा पहिल्या दिवशीचं असावं.

मग मी खाली सरकवलं.

खाली एकेका बोंडाला तीन तीन, चार चार रेघा होत्या. काढलेली रेघ दिसलीच नसणार, म्हणून पुन्हा काढलेली, पुन्हा काढलेली. पानं देठांपासून सुटून बाजूला पडली होती. अर्ध्यानंतर क्रीमच्या जागी निळसर पांढरा, कारण त्यांच्या डोळ्याला सगळं पिवळं दिसत होतं आणि ते बिचारे पिवळेपणा मारायला निळा ओतत होते. नक्षीच्या दोन कडा एकमेकींना जुळतच नव्हत्या. तळाशी एका ठिकाणी नुसता ब्रश फिरत राहिला होता, एकाच जागी, गोल गोल. अकरा दिवस हा माणूस स्क्रीनला नाक लावून बसला होता, रोज आठ-आठ तास, आणि त्याला काय झालंय ते त्याला दिसत नव्हतं. मला रडू आलं. ऑफिसात मी रडत नाही, पण आलं.

दुरुस्त होण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो एक कोपरा कापून ठेवावा असं वाटलं, पण कोपऱ्याचा पदर होत नाही. आणि सेव्ह केलेलं काहीही किरीटभाईंपासून लपत नाही, आल्या आल्या ते आधी फोल्डर उघडतात. माझ्याकडे गुपचूप ठेवून काकांना नंतर परत द्यावं, तर ते हौसेने तेच पुढे करणार. किरीटभाईंनी बघितलं की काकांची आयडी गेली. या वयात, कान मागाने नेलेल्या माणसाला पुन्हा मागावर तरी कोण उभं करणार?

पण कामच नसलं तर? सर्व्हर बसला, ऑफिसातल्या बाईने घाईत सेशन बंद केलं, काम उडालं. मग काकांचं काम वाईट ठरत नाही. मग वाईट मी ठरते. आणि मोतीबिंदू निघालेल्या डोळ्याने ते पुन्हा काढू शकतात.

मी जास्त विचार केला नाही. विचार करायला माझ्यात त्राण नव्हतं. त्यांच्या खिडकीतून बाहेर आले, यादीत त्यांच्या नावावर गेले, साइन आउट दाबलं. त्याने विचारलं, या वापरकर्त्याचं सेव्ह न केलेलं काम नष्ट होईल, पुढे जायचं? मी हो म्हटलं. बारावं नाव यादीतून गेलं आणि सर्व्हर पळायला लागला. ग्रुपवर चेतनने नाचणारी बाई पाठवली.

घाईत सेव्ह करायचं राहिलं, असं मी सांगितल्यावर किरीटभाईंनी मला दीड तास झापलं. मध्ये पाणी पिऊन पुन्हा झापलं. सहा वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं, याचंच त्यांना जास्त लागलं. यापुढे कुणाचंही सेशन त्यांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही, पासवर्डची वही त्यांच्या ड्रॉवरमध्ये जाणार. मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी ते म्हणाले, "हिलालभाई को पंद्रह दिन और दे दो. उनकी तो गलती नहीं है." मला तेवढंच हवं होतं.

चार वाजता मी दवाखान्यात गेले. फोनवर सांगून काही उपयोग नव्हता. लांबच लांब वॉर्ड, वीसेक खाटा, सगळ्यांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी. काका उताणे पडले होते, मालतीकाकू पायाशी बसलेल्या. मी काकांच्या कानाशी वाकले, पण हळू बोलून त्यांना काही पोचेना, म्हणून सरळ ओरडले.

"काका! तुमचं काम गेलं! माझ्याकडून गेलं!"

वीस पट्ट्या आमच्याकडे वळल्या.

"कोनतं?"

"बोंडांची नक्षी! मी सेशन बंद केलं! सेव्ह नव्हतं!"

मालतीकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांची कुणीच नव्हते.

"पुरी गई?"

"पुरी! पण किरीटभाईंनी पंधरा दिवस दिलेत! डोळा बरा झाला की नव्याने काढा!"

"काढसू." त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली. "पण आशी नही निघाव आते. जिंदगीमा आशी नक्षी मी काढेल नव्हती, सुषमा. शेवटला दिनले तर हात आसा फिरे की बस्स."

मी मान हलवली. त्यांना ते दिसलं नसणार.

मग ते पट्टी नसलेल्या बाजूने, माझा आवाज जिथून येत होता तिकडे वळले. "तू देखी व्हती का ती? बंद करानं पयले?"

"नाही," मी म्हटलं.

"काय?"

मी पुन्हा वाकले. "नाही काका!" साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले. "नाही बघितली!"

"मंग कोनीच देखी नही," काका म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मालतीकाकूंनी माझ्याकडे न बघता त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.