खालचं काम

सोमवारी सकाळी उस्तादांना त्यांच्या पोटच्या लेकीने कामावरून उतरवलं. कामावरून म्हणजे झाडावरून. तेही अशा सुरात, की जणू करवतीतलं तेल संपलंय एवढंच सांगतेय.

झाडं छाटायचा हा धंदा उस्तादांनी एक करवत, एक दोर आणि भरपूर मस्ती एवढ्या भांडवलावर उभा केला होता. घरावर झुकलेल्या फांद्या उतरवायच्या, वाळकं झाड तुकड्यातुकड्याने खाली आणायचं, आणि खाली कुणाच्या कौलाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. आता कारभार लेकीच्या हातात होता. लेक हुशार, हाताला चपळ, पण शिस्तीची. इतकी शिस्तीची की स्वतःच्याच शेडमध्ये शिरताना उस्तादांना चपला बाहेर काढाव्यात की काय असा प्रश्न पडायचा. भिंतीवर प्रत्येक करवतीची जागा आखलेली. साखळीला धार लावायच्या कानशी जाडीप्रमाणे ओळीने. आणि दर सोमवारी तपासणी! प्रत्येक दोर, प्रत्येक पट्टा हातातून सरकवत बघायचा आणि जो नापास होईल त्याचे तिथल्या तिथे कात्रीने तुकडे करायचे. नुसतं टाकून द्यायचं नाही, कारण टाकून दिलेली वस्तू उस्ताद संध्याकाळी गुपचूप उचलून पुन्हा खिळ्याला अडकवतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्या सोमवारी उस्तादांचा कमरेचा पट्टा नापास झाला.

"शिवण गेलीये याची, बाबा. हा बाद," लेक म्हणाली. "आणि हो, यापुढे तुम्हीही वर चढायचं नाही. खालचं काम बघायचं."

एका दमात! पट्टा बाद, बाप बाद. उस्तादांनी तिच्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि ते नकळत दोन पावलं मागे सरकले.

"मी? खाली? अगं, तू रांगत होतीस तेव्हा मी—"

"तेव्हाचे गुडघे आता राहिलेत का?"

गुडघ्यांचं नाव निघताच उस्ताद आतून पेटले. त्यांच्या लेखी खालचं काम म्हणजे कामच नव्हे. खाली मेव्हणा असतो. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अगदी देवमाणूस, फक्त लक्ष कायम भलतीकडे. वरून पडलेल्या फांद्या ओढायच्या आणि राक्षसाच्या तोंडात कोंबायच्या, एवढंच त्याचं काम. राक्षस म्हणजे फांद्यांचा भुगा करणारं मशीन. एकदा मेव्हण्याने त्याला स्वतःचा जेवणाचा डबाही भरवला होता, भाजीसकट. आणि उभं आयुष्य झाडाच्या शेंड्यावर काढलेल्या माणसाने आता त्याच्या शेजारी उभं राहायचं? छे! मग आपण कोण उरलो? शेडमधलं एक जुनं सामान.

तेवढ्यात बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला, लेक बाहेर गेली आणि उस्तादांनी पट्टा शर्टाखाली सारला. त्याच क्षणी फोन वाजला, तोही त्यांनीच उचलला. पलीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई होत्या. त्यांच्या अंगणातल्या निलगिरीच्या तीन फांद्या छपरावर आल्या होत्या.

"परवा येतो," उस्ताद खालच्या आवाजात म्हणाले. "मी स्वतः."

लेक परतली. "पट्टा कुठाय, बाबा?"

"तुकडे करून टाकले," उस्तादांनी चेहरा जराही न हलवता सांगितलं.

बेत सरळ होता. परवा लेक मोठा ट्रक घेऊन दुसऱ्या कामावर जाणार. आपण छोटा ट्रक, राक्षस आणि मेव्हण्याला घेऊन निलगिरी गाठायची, तीन फांद्या उतरवायच्या आणि जेवताना सगळ्यांसमोर सहज सांगून टाकायचं. मग बघू कोण कुणाला बाद करतं! जाताना त्यांनी लेकीचा लाडका, नवा कोरा केशरी दोर उचलला. पट्ट्याच्या बाबतीत ते हट्टी होते, दोराच्या बाबतीत मूर्ख नव्हते.

निलगिरी उंच, सोटासारखी सरळ, बुंधा गुळगुळीत. खिळ्यांचे बूट घालून चढणं सोपं गेलं असतं, पण जित्या झाडाला भोकं पाडायची नाहीत हा उस्तादांचा जुना नेम. दोर फेकला, फांदीच्या बेचक्यात अडकवला आणि ते वर निघाले. गुडघे कुरकुरले, ते त्यांनी मनावर घेतलं नाही.

"दाजी, दोराचं खालचं टोक मी धरून उभा राहू ना?" मेव्हण्याने विचारलं.

"तू फांद्या आवर! दोर काय धरायचाय? दोराचं माझं मी बघतो."

पहिली फांदी खाली आली. दुसरी आली. काय ते वर बसणं! वारा, निलगिरीचा वास, खाली इवलीशी दिसणारी घरं आणि हातात गुरगुरणारी करवत. उस्तादांना गाणं म्हणावंसं वाटलं आणि त्यांनी म्हटलंही. तिसऱ्या फांदीसाठी दोर पलीकडच्या बेचक्यात टाकायला हवा होता. त्यांनी करवत बंद केली, आखूड दोरीने स्वतःला खोडाशी बांधून घेतलं आणि मोठा दोर पट्ट्यातून सोडवला.

खाली मेव्हण्याने कानांवर आवाजबंद टोप्या चढवून फांद्यांचा एक मोठा भारा राक्षसाच्या तोंडात लोटला. त्या भाऱ्यात दोराचं टोक होतं.

सर्रकन आवाज झाला. उस्तादांच्या डोळ्यांसमोरून केशरी काहीतरी वळवळत, झपाट्याने खाली निघून गेलं. "अरे! अरे मेव्हण्या! थांबव!" ते बोंबलले. मेव्हण्याला काय ऐकू जाणार, कप्पाळ? राक्षस खोकला, धडधडला आणि पलीकडच्या बाजूने केशरी कापूस उडवू लागला. मेव्हण्याने त्यातला थोडा हातात घेऊन वास घेतला. मग त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

छोट्या ट्रकमधली शिडी लावली, ती अर्ध्यातच संपली. दुसरा दोर नव्हता. उस्तादांचा फोन ट्रकमध्ये होता. मुख्याध्यापिकाबाई अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"का हो, उतरत का नाही तुम्ही?"

"विश्रांती घेतोय!" उस्ताद वरून म्हणाले.

"मघाचपासून? मी अग्निशमन दलाला बोलावते."

"नको! अहो बाई, नको! कंपनीचं नाव आहे ट्रकवर!"

ते बोलायला नको होतं. बाईंनी ट्रककडे मान वळवली, नावाखालचा नंबर वाचला आणि फोन लावला. तोही स्पीकरवर.

"तुमचा एक म्हातारा माझ्या झाडावर बसलाय," बाई म्हणाल्या. "आणि खाली यायला तयार नाही."

"आमच्याकडे म्हातारा कुणी नाही, बाई," लेकीचा आवाज आला. मग तिने विचारलं, "...गाणं म्हणतायत का ते?"

"म्हणत होते. आता बंद केलंय."

"आलेच."

लेक येईपर्यंत उस्तादांनी दहादा ठरवलं की तिला काय सांगायचं, आणि दहादा ते बदललं. सगळ्यात जास्त लाज एकाच गोष्टीची वाटत होती. आयुष्यात आजवर त्यांना झाडावरून खाली आणायला कुणी लागलं नव्हतं. आज लागलं, आणि तेही कोण, तर जिला खोटं सांगून आलो ती.

मोठा ट्रक फाटकात थांबला. लेक उतरली. राक्षसापुढच्या केशरी ढिगाकडे तिने एकदाच पाहिलं, मामाकडे पाहिलं, वर मात्र पाहिलंच नाही. दोन दोर काढले, फेकले आणि शांतपणे चढू लागली. उस्तादांना तिचं ओरडणं परवडलं असतं. ती वर आली, त्यांच्या शेजारच्या बेचक्यात बसली आणि एक दोर त्यांच्या पट्ट्याला अडकवू लागली.

"तुकडे केलेत ना याचे?" पट्टा चाचपत ती म्हणाली.

"चुकलो," उस्ताद म्हणाले. मग राहवलं नाही. "पण मी खाली करू काय, सांग ना! खाली मला कुणी विचारत नाही. हो की नाही? वर आहे तोवर उस्ताद. खाली आलो की मेव्हण्याचा मेव्हणा."

"बाबा, दोर मशीनमध्ये गेला तेव्हा तुमच्या पट्ट्याला असता तर?"

उस्तादांनी खाली राक्षसाकडे पाहिलं. मघापासून हा विचार त्यांनी दूर ढकलून ठेवला होता.

"रोज मी वर असते," लेक म्हणाली. "आणि खाली मामा असतो. जीव मुठीत धरून काम करते मी. एक डोळा फांदीवर, एक मामावर. मला खाली कुणीतरी माझं माणूस हवंय, बाबा. झाड वाचता येणारं. कुठली फांदी कधी फिरेल हे मला वर बसून दिसत नाही, तुम्हाला खालून दिसेल. म्हणून सांगितलं, खालचं काम बघा. गुडघ्यांवरून काय बोलले असेन ते असेन."

"मग हे असं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, पोरगी घाबरट निघाली."

म्हणालेच असते.

"आता उतरा. तिसरी फांदी मी घेते. एवढं करून काम अर्धवट ठेवलं तर त्या बाई आपल्याला ओणवं उभं करतील."

उस्ताद उतरले. जमिनीला पाय लागताच गुडघ्यांनी सगळा हिशोब एकदम मागितला, पण तिकडे बघायला त्यांना सवड नव्हती. "मशीन बंद!" ते मेव्हण्यावर कडाडले. "किल्ली इकडे आण! एक पान हलायला नको जमिनीवरचं!" मग त्यांनी लेकीच्या दोराचं टोक धरलं, बुंध्याभोवती एक वेढा घातला आणि मान वर केली.

इतक्या वर्षांत त्यांनी खालून कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे झाड पाहिलं होतं, पण झाडावरचं माणूस नाही. केवढी बारीक दिसत होती ती! आणि झाड केवढं तरी हलत होतं. वर बसल्यावर हे असं हलत नाही हो, ते शपथेवर सांगायला तयार होते. करवत सुरू झाली आणि त्यांनी दोर आणखी घट्ट आवळला. बायको एकदा त्यांचं काम बघायला आली होती आणि पाच मिनिटांत डोकं दुखतंय म्हणून घरी निघून गेली होती. ते तिला कितीतरी दिवस चिडवत होते.

"डावीकडे सरक!" ते ओरडले. "फांदी फिरणारे! डावीकडे!"

लेक सरकली. फांदी फिरली, ती बसली होती त्या जागेवरून गेली आणि अंगणात धप्पकन पडली. मुख्याध्यापिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मेव्हण्यानेही वाजवल्या. उस्तादांचे हात मोकळे नव्हते.

"बाबा!" वरून हाक आली. "झालं काम! दोर सैल सोडा, मी उतरते."

"हो, हो."

"बाबा, सोडा ना! मला हलता येत नाहीये!"

"दाजी, सैल सोडायचाय," मेव्हणा हळूच म्हणाला.

"कळतंय मला," उस्ताद म्हणाले. काय करायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मुठी काही केल्या उघडेनात.