जोडलेलं गाव

जिल्हा कार्यालयातून खेड्यांपर्यंत इंटरनेटची तार नेण्याचं कंत्राट निघणार होतं आणि गावांची यादी करायचं काम तिच्या टेबलावर आलं होतं. नियम सोपा वाटत होता. इंटरनेट असलेलं गाव वगळायचं, नसलेलं धरायचं. उतरवून घेताना एका ओळीवर तिचा हात थांबला. डोंगरावरचं मामांचं गाव. पुढे लिहिलं होतं, ‘त्रेसष्ट घरं, सेवा उपलब्ध’.

मामांना साधा फोन लावायचा तरी पाण्याच्या टाकीपर्यंत चढावं लागायचं. तिने त्यांना विचारलं, तर म्हणाले, आहे की, तीन वर्षं झाली.

ती बुचकळ्यात पडली. शनिवारी बस धरून वर गेली. मामांनी भिंतीवरचा पांढरा डबा कौतुकाने दाखवला. धूळ बसू नये म्हणून मामींनी त्यावर विणलेला रुमाल घातला होता. डब्याची वायर खिडकीतून बाहेर पडून वळचणीला गुंडाळून ठेवलेली. घरोघरी तोच प्रकार. गावाच्या तोंडाशी एका खांबावर केबलचं भेंडोळं लटकत होतं आणि तिथून पुढे काहीच नव्हतं.

मामा जन्मभर गवंडीकाम केलेले. “मी भिंत बांधली की भिंत दिसते,” ते म्हणाले. “यात काय दिसायचं असतं ते मला काय ठाऊक? ते म्हणाले बसवलं, आम्ही सही केली.”

सोमवारी तिने डबे बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो अगदी नम्रपणे म्हणाला की, मागणी आल्यावर दहा दिवसांत देता येत असेल तर नियमाप्रमाणे ते उपलब्धच धरतात. गावातून मागणी आलीच नाही. तिने साहेबांना विचारलं. साहेबांनी नियमाचं पुस्तक उघडलं. तसंच लिहिलेलं होतं. गावातल्या कुणी लेखी हरकत घेतली तर बघू, एवढं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं.

तिने मामांना तसं कळवलं. दुसऱ्याच दिवशी ते सगळ्या गावासाठी म्हणून हरकतीचा कागद घेऊन आले. तिने शिक्का मारून पोच दिली.

नवव्या दिवशी कंपनीची माणसं शिडी घेऊन गावात आली, खांबापासून थेट मामांच्या घरापर्यंत तार ओढली आणि निघून गेली. डब्यावर हिरवा दिवा लागला. त्याच आठवड्यात हरकतीवर शेरा आला: हरकतदाराकडे सेवा सुरू आहे, सबब प्रकरण निकाली.

मामांनी तिला घरातून पहिल्यांदाच व्हिडिओ फोन केला. पडद्यावर नुसतं कपाळ दिसत होतं. सगळ्यांसाठी मागितलं आणि एकट्यालाच मिळालं, हे कसं झालं, असं ते विचारत होते. शेरा तिने चारदा वाचला होता. एकही शब्द चुकीचा नव्हता.

गावाने मात्र आपल्यापुरता अर्थ लावला. भाची कचेरीत, मग मामाच्या घरी दिवा लागणारच. आधी शेजारी फोन घेऊन मामांच्या ओट्यावर बसायचे. शाळेच्या बाई मुलांचे निकाल तिथूनच पाठवायच्या. हळूहळू तेही कमी झालं. मामींना विहिरीवर कुणी तोंडदेखलं हसेना. मामांनी चौकात जाणं सोडलं.

मग मामांनी दोन कागद लिहिले. एक कंपनीला: माझी तार काढून न्या. दुसरा कार्यालयाला, उरलेल्या बासष्ट घरांच्या सह्यांचा: आमचं गाव यादीत घ्या. सह्यांसाठी ते दारोदार फिरले, काही ठिकाणी दोनदा. तो कागद त्यांनी स्वतः आणून तिच्या हातात दिला आणि ती तो साहेबांकडे घेऊन गेली.

“हे तुमचे मामा ना?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“मग हा कागद तुम्ही घ्यायला नको होता.”

“पहिलाही मीच घेतला होता, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बरं. आता मला सांगा, हे गाव जोडलेलं आहे की नाही?”

“मला खरंच कळत नाही.”

“मलाही नाही,” साहेब म्हणाले. “घाला यादीत.”

त्याच दिवशी ती फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. तिला वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, कोण जाणे. कंत्राट दुसऱ्याच कंपनीला मिळालं आणि सात महिन्यांनी डोंगरावर तार पोचली. बासष्ट घरांत दिवे लागले. मामांच्या घरी नाही. त्यांची जुनी तार कापून नेलेली, आणि नव्या यादीत त्यांच्यापुढे शेरा होता, ‘ग्राहकाने सेवा नाकारली’.

मी नवा अर्ज लिहून आणते, ती म्हणाली.

“नको गं,” मामा म्हणाले. “मी पुन्हा मागायचो आणि दुसऱ्या कुणाचं तरी जायचं.”

असं होत नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण ते खात्रीने सांगता येईना.

आता ते रोज संध्याकाळी शेजारच्या ओट्यावरून तिला फोन करतात. शेजारीण मध्येच डोकावून दोन शब्द बोलून जाते, मामींचं हसणं ऐकू येतं. मामा हवापाण्याचं बोलतात. त्यांच्या मनात राग आहे की समाधान, हे तिला त्यांच्या आवाजावरून अजून ओळखता आलेलं नाही.