दोऱ्याचं दुसरं टोक

रस्त्यावरच्या पाट्या वाचत चालायची मला वाईट खोड आहे. घाटकोपर स्टेशनपासून आमचं घर वीस मिनिटांवर, मला पाऊण तास लागतो. 'येथे गाडी लावल्यास हवा काढली जाईल' या पाटीत 'हवा' एवढाच शब्द लाल का केला असेल, असल्या प्रश्नांत मी अडकते. कॉलेजात चित्रकला शिकवते म्हणून लोक खपवून घेतात. यंदा एका प्रकाशकानेही खपवून घेतलं. उपनगरांतल्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवर माझं पुस्तक येणार होतं.

माझा हट्ट एकच होता. प्रत्येक पाटीखाली ती रंगवणाऱ्याचं नाव हवं. फ्लेक्सवर वाढदिवसाच्या दादाचं नाव हातभर असतं, आणि अख्खं घाटकोपर रंगवलेल्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नसतं, याचा मला संताप येतो.

मुखपृष्ठही ठरलं होतं. निमेशभाईंच्या पिठाच्या गिरणीची बाहेरची भिंत. निळ्यावर पिवळ्या अक्षरांत बारा फुटांची एकच ओळ, 'उपवासाचे दळण फक्त सोमवारी मिळेल'. अक्षरं पोटभर जेवल्यासारखी गोलमटोल. आणि पहिल्या अक्षरापासूनच ओळ हळूच वर चढायला लागते ती 'मिळेल'पर्यंत चढतच जाते. दहा वर्षं मी मुलांना त्या भिंतीपुढे उभं करून सांगत आले की बघा, याला लय म्हणतात, कॉम्प्युटरला हे सुचणार नाही. मुलं वहीत लिहून घेत.

रंगाऱ्याचा पत्ता निमेशभाईंनी दिला. भाऊराव, वय सत्तर, डोंगरावरच्या वस्तीत घर. जयंतीची कमान अजून त्यांच्याच हातची असते. धापा टाकत मी वर गेले आणि मोठ्या ऐटीत त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि मोबाइल उलटा करून माझ्या हातात परत दिला.

"छापा तुम्ही," ते म्हणाले. "पण माझं नाव नको, मॅडम. ती चूक आहे."

मी वाद घातला. वर्गात सांगते ते सगळं लयीचं पुराण त्यांनाही ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, चहा टाकला आणि मग मला पाटी कशी रंगवतात ते सांगितलं.

आधी एक दोरा खडूच्या पुडीत घोळवायचा. दोघांनी दोन टोकं धरून तो भिंतीवर ताणायचा आणि मधे टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटते. त्या रेघेला अक्षरं टांगायची. तीस वर्षं दोऱ्याचं दुसरं टोक त्यांची बायको द्रौपदी धरत होती. अक्षरं झाली की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची आणि तिथून सांगायची, हे वर घ्या, ते दोन लांब पडले. तिला वाचता येत नव्हतं. त्यामुळे मजकूर मधे यायचा नाही, तिला नुसता आकार दिसायचा, आणि तिची नजर कधी चुकली नाही.

गिरणीचं काम घेतलं आणि त्याच आठवड्यात द्रौपदी तापाने गेली. आठव्या दिवशी भाऊराव एकटेच भिंतीपाशी गेले. दुसऱ्या कुणाला टोक धर म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ते एका खिळ्याला बांधलं आणि खिळा चार बोटं वर बसला. शिडीवरून ते कळलं नाही. तीन दिवसांनी समोरच्या फुटपाथवरून दिसलं. तेव्हापासून अकरा वर्षं ते त्या रस्त्याला गेले नव्हते. बाजारात जायचं तर मागच्या गल्लीने वळसा घालून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस मी दहा वर्षं लय म्हणून शिकवत होते. तुम्ही ती ओळ नव्याने रंगवा, निमेशभाईंना मी सांगते, असं म्हटलं. म्हणताना मुखपृष्ठ गेल्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी भाऊराव रंगाचे डबे घेऊन आले. भिंतीला हात लागेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग दोरा काढला आणि एक टोक माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं. सैल सोडू नका, म्हणाले. टिचकी बसली आणि जुन्या ओळीवरून पांढरी रेघ आरपार गेली, अगदी सरळ. पहिल्या अक्षरापाशी पिवळी ओळ आणि पांढरी रेघ जुळल्या होत्या. पुढे पिवळी वर निघाली, पांढरी खालीच राहिली.

आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिलो. मधून रिक्षा जात होत्या. सरळ रेघेत ही पाटी कशी दिसेल ते मी बघू पाहत होते, पण दर वेळी मी ती वाचायलाच लागायची. भाऊराव नुसते बघत होते. आतून निमेशभाईंनी दोनदा चहाला हाक मारली.

मग ते परत गेले, बादलीत फडकं पिळलं आणि पांढरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून टाकली.

"पुस्तकात नाव घाला माझं," ते म्हणाले.

मी विचारलं, "आणि ओळ?"

"सरळ केली, तर त्या दिवशी द्रौपदी होती असं होईल," भाऊराव म्हणाले. "नव्हती ती."