न वाजणारा डबा

साधनाने एकेका पोरीच्या कानाशी नेऊन डबा हलवला, पण डबा काही बोलेना. भुलाबाईची गाणी म्हणून झाली होती आणि डब्यात काय आहे ते ओळखल्याशिवाय खिरापत मिळणार नव्हती. पोरी हैराण झाल्या होत्या.

"शेंगदाणे!"

"चिवडा!"

"अव, वाजून तरी राह्यलं का?" मैनाबाई, साधनाच्या सासूबाई, खुशीत म्हणाल्या. कोहळ्याची बोंडं तळून त्यांनी ती फडक्यात गच्च बांधून डब्यात ठेवली होती. यंदा कापूस बुडाल्याने तिवसा गावात सगळ्यांचीच तोंडं उतरली होती. पण भुलाबाईला ते सांगणार कोण?

साधनाची लेक शेवू मात्र गप्प बसून फ्रॉकची कड चावत होती. पाच सरून पोरीला सहावं लागलं होतं. साधनाने तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखी तिला काळजी वाटली.

साधनाला लग्नाआधीपासून मिरगी. लग्न ठरताच अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तिची जुनी गोळी बदलली. त्या जुन्या गोळीने पोटातल्या लेकराच्या बुद्धीला धोका होता. नवीने तो पुष्कळ कमी. पण स्वतःच्या मनाने गोळी सोडायची नाही, फिट आली तर दोघांच्या जिवावर बेतेल, असं त्यांनी बजावलं होतं. शेवू बोलायला लागली उशिरा, आणि गोळीमुळेच पोर मंद निघाली, असा शेजारणींनी निकाल देऊन टाकला. डॉक्टरीणबाई पोर ठीक आहे म्हणत, तरी साधनाला धीर धरवेना. उठता बसता ती पोरीची परीक्षा घ्यायची. हा रंग कोणता, ही बोटं किती? शेवू कंटाळून पळायची आणि आईचा जीव टांगणीला लागायचा.

आता साधनाला पुन्हा दिवस गेले होते. सकाळीच मैनाबाई म्हणाल्या होत्या, "या टायमाले गोळी राहू दे व माय. या लेकराचं डोकं तरी चांगलं निंघू दे."

त्या वाईट नव्हत्या, भ्यायल्या होत्या. साधनाही भ्याली. सकाळची गोळी तिच्या पदराच्या गाठीत तशीच होती.

"मी सांगू?" शेवू उठली.

"सांग."

"लाडू."

"नाही!"

"केळं?"

"नाही व!"

शेवूने डोळे मिटून डब्याला कान लावला. पोरी श्वास रोखून पाहत राहिल्या.

"कोहयाचे बोंडं!"

मैनाबाईंचा आ वासला. "कसं वळखलं व तुनं?"

"मले आवाज आला," शेवू गंभीरपणे म्हणाली.

पोरींनी एकच गिल्ला केला. साधनाने डबा उघडला आणि तिचा हात थांबला. सासूबाईंची गाठ दातांनी सोडवावी लागे. इथे मात्र फडक्याच्या टोकांचं रिबिनीसारखं फूल बांधलेलं होतं, एक पाकळी लांब, एक आखूड. शेवूला ते बांधायला तिनेच शिकवलं होतं. शेवूच्या फ्रॉकची कड तेलाने चमकत होती.

साधनाने तिला जवळ ओढलं. "आधी लाडू कावून म्हटलं व?" ती कानात कुजबुजली.

शेवूने आजीकडे चोरून पाहिलं. "एकदम सांगतलं असतं तर आजीले समजलं असतं ना!"

साधनाला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एवढा आनंद तिला शेवू जन्मली तेव्हाही झाला नव्हता, तेव्हा धाकधूकच जास्त होती. तिने लबाड पोरीचे पटापट मुके घेतले.

मैनाबाई पोरींच्या हातांवर बोंडं ठेवत होत्या. शेवटच्या पोरीपाशी त्या अडखळल्या.

"साधना, एक कमी कसं पडलं व? मी तं बरोबर टाकले होते."

शेवू आईच्या मागे सरकली. साधनाने पदराची गाठ सोडली, गोळी सासूबाईंच्या देखत तोंडात टाकली आणि वर गटागटा पाणी प्याली.

"मीच खाल्लं, आत्याबाई," ती म्हणाली. "उपाशीपोटी गोळी घेऊ नाही म्हणते न डॉक्टरीणबाई."