बहिऱ्यांचं नशीब

कान तपासायच्या आमच्या केंद्रात पेटीसारखी एक खोली आहे. भिंतींना जाड गादी, एक काच. दार लावलं की आतलं बाहेर जात नाही. नऊ वर्षं मी आणि वहिनी तिथंच डबा खात आलो. वहिनी म्हणजे माझी सहकारी. आख्खं केंद्र तिला वहिनी म्हणतं. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही.

कामाच्या जागी राजकारण नको, हा डॉक्टरांचा नियम. मग त्यांचा भाऊ निवडणुकीला उभा राहिला आणि त्याची पत्रकं आमच्याच काउंटरवर ऐटीत येऊन बसली.

"देणार ना गं मत भावाला?" वहिनीनं जेवता जेवता विचारलं.

"छे! बहिऱ्यांचं नशीब थोर. त्याची भाषणं ऐकावी लागत नाहीत."

ती इतकी हसली की ठसका लागला. मीच पाठ चोळली.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. नवी शाखा माझ्याकडे येणार, हे वर्षभर ठरलेलं.

"बहिऱ्यांचं नशीब थोर, नाही का?" ते म्हणाले. "शाखा वहिनी बघतील. कामाच्या जागी राजकारण चालणार नाही, बाई."

बाहेर वहिनी उभी होती, पांढरीफटक. मलाच तिची कीव आली. "अगं, खोलीतला माईक चालू राहिला असणार. बाहेर मशीनवर ऐकलं त्यांनी."

"हो गं, तसंच झालं असणार!" माझा हात धरून ती रडलीसुद्धा.

शुक्रवारी मशीनवाला तपासणीला आला. खोलीतला माईक खोलून म्हणाला, "ताई, हा तर दोन वर्षांपूर्वीच मेलाय. कळलं कसं नाही तुम्हाला?"

कसं कळणार? पेशंटला आवाज ऐकू आला की तो हात वर करतो, आम्ही काचेतून बघतो. माईक लागतोच कुणाला?

वहिनी शेजारीच होती. गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळत बसली.

दुपारी तिनं खोलीचं दार उघडून धरलं. "चल ना, भूक लागलीय."

मी गेले. नऊ वर्षांची सवय, पाय विचारत नाहीत.

"बोल ना गं काहीतरी."

"उकडतंय आज," मी म्हटलं. आणि डबा संपेपर्यंत हवापाण्याचंच बोलत राहिले, डॉक्टरांशी बोलते तशी, हसून.